उशिरा उमटणारी अक्षरे

मित्रांनो, माझ्या कडा पिवळ्या पडल्या आहेत आणि आतला पंखा घरघरतो, त्यावरून तुम्ही ओळखलेच असेल. मी एक जुना संगणक आहे. पूर्णगडला एका घरात राहतो. माझी जुळणी रत्नागिरीत मारुती मंदिराजवळच्या दुकानात झाली. तिथून निशिगंधाने कॉलेजात असताना मला एसटीने, मांडीवर धरून आणले.

निशिगंधा मुंबईत मालवाहू जहाजांची कागदपत्रे करणाऱ्या कंपनीत नोकरी करी. आई तिच्या लहानपणीच गेली. वडील आत्माराम जहाजावर खलाशी होते. म्हातारपणी त्यांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला आणि वाचाही गेली. तेव्हा घरून काम करण्याची परवानगी घेऊन ती गावी आली.

कंपनीचा सर्व्हर, म्हणजे सगळ्यांचे काम सांभाळणारा मोठा संगणक, मुंबईत होता. इंटरनेटवरून त्याचा पडदा माझ्या पडद्यावर दिसे. तिने इथे अक्षर दाबले की ते तिथे उमटे आणि लगेच मला दिसे. याला रिमोट डेस्कटॉप म्हणतात.

दुपारी जेवण झाले की आत्माराम माझ्यासमोर खुर्चीत बसत. निशिगंधा पडद्यावर मोठ्या अक्षरांत एक शब्द लिही आणि म्हणे, "बाबा, म्हणा." हा सराव चुकवू नका, असे डॉक्टरीणबाईंनी बजावले होते. आधी नुसता घोगरा आवाज येई. मग 'होडी' आला, 'सुकाण' आला. आणि एकदा पडद्याकडे न बघता, तिच्याकडे बघून ते म्हणाले, "निशी." ती उठून स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. त्या दिवसांत ती ओढणीने माझी धूळ पुशी.

मग कंपनीने नवा, मोठ्या ताकदीचा सर्व्हर बसवला आणि माझ्या पडद्यावर अक्षरे उशिरा उमटू लागली. दाबले गेले नाही असे वाटून ती पुन्हा दाबी, मग एकदम दोन-दोन अक्षरे येत. काम तुंबले. दुपार त्यातच जाई. आत्माराम खुर्चीत वाट बघत बसत.

तिने वायर बदलली, दुसऱ्या कंपनीचे इंटरनेट घेतले. काही फरक पडला नाही. शेवटी तिने सर्व्हर सांभाळणाऱ्या रितेशला फोन केला.

"रितेश, इथे व्हिडिओ न अडकता चालतो. फक्त तुमचा सर्व्हर अडकतो. त्याची सेटिंग एकदा बघ ना."

"ताई, ऑफिसात सगळ्यांचं मस्त चाललंय. तुमच्या गावचं नेटच तसलं. आणि कॉम्प्युटरपण जुना झालाय."

मित्रांनो, मी सगळे ऐकत होतो. पण मला कुठे बोलता येते?

साहेबांनी सांगितले, मुंबईला या, नाहीतर नोकरी सोडा. घर तिच्याच पगारावर चाले. निघताना आत्मारामांनी डाव्या हाताने तिची ओढणी धरली.

"येते बाबा. लवकर येते," ती म्हणाली.

"मी हाय ना गो बाय, नको काळजी करू," शेजारची दीपाली वहिनी म्हणाली. तिने जेवण आणि औषधे कधी चुकवली नाहीत. पण तिला घर होते, मुले होती; सरावाला बसणार कोण? आत्माराम काही दिवस माझ्या काळ्या पडद्यासमोर येऊन बसले. मग ते येणेही थांबले.

काही महिन्यांनी कंपनीच्या गोव्याच्या शाखेतूनही तीच तक्रार गेली, तेव्हा रितेशने सर्व्हर उघडून पाहिला. नवा सर्व्हर पडद्यावरचा प्रत्येक लहान बदल भलामोठा, अवजड करून पाठवत होता. ऑफिसात जवळच्या वायरीवर ते जाणवत नव्हते, दूरवर मात्र वाट तुंबत होती. एक सेटिंग बदलली आणि काम झाले.

"सॉरी ताई, चूक आमच्याकडेच होती," तो म्हणाला.

निशिगंधा परत आली. माझ्यावर अक्षरे पूर्वीसारखी झरझर उमटली. तिने वडिलांना खुर्चीत बसवले, 'होडी' लिहिले. त्यांनी कितीतरी वेळ पाहिले. ओठ हलले, आवाज आला नाही. अर्धांगवायूनंतरच्या पहिल्या महिन्यांतला सराव बुडाला की तो भरून काढणे कठीण, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मित्रांनो, मला उद्या भंगारात दिले तरी माझी तक्रार नाही. पण दूरचे कुणी सांगत असेल की इथे काहीतरी अडते आहे, तर त्याला जुने म्हणून, गावचे म्हणून गप्प करू नका. आधी आपल्याकडे एकदा बघा. निशिगंधा अजून रोज दुपारी शब्द लिहिते, आणि दोघांचे बोलणे आता ती एकटीच बोलते.