नहरीत उतरलेली चपटी लेन्स

शहागंजात नूरमोहम्मद फोटोग्राफर म्हणलं की लोकांना आधी त्यांची लेन्स आठवायची, मग माणूस. वीतभर लांब, पांढरीशुभ्र, दीड किलोची ती सत्तर-दोनशेची झूम लेन्स गळ्यात अडकवून नूरभाई लग्नाच्या मांडवात शिरले, की वऱ्हाडी मुकाट्यानं बाजूला सरकायचे. वीस वर्षं हा रुबाब त्यांनी मिरवला, आणि एक दिवस उजव्या खांद्यानं चक्क राजीनामा दिला. हात खांद्याच्या वर जाईना. डॉक्टर म्हणाले, चहाचा कप उचला, कॅमेरा नको.

मग त्यांच्या लेकीनं, मंतशानं, वाढदिवसाला एक नवी लेन्स आणली. चपटी. बोटभर जाड, वजनाला पेरूएवढी. कॅमेऱ्याला लावली तरी लावल्यासारखी वाटेना.

"हे काय गं? बिस्कुट?" नूरभाईंनी विचारलं.

"पॅनकेक लेन्स म्हणतात अब्बा. खिशात मावते."

"म्हणजे बिस्कुटच की! आणि याला झूम कुठंय?"

"झूम नाय. तुमी चालत जवळ जायचं."

"या वयात लोकांच्या अंगावर जाऊ? बापाला मार खाऊ घालतीस व्हय?" असं म्हणून त्यांनी लेन्स दुकानातल्या कपाटात टाकली, जुन्या झाकणांच्या ढिगात. फोटोग्राफीत जे जड ते भारी, हे त्यांचं ठाम मत. माणूस हट्टी होता, त्याला कोण काय करणार!

ते साल दुष्काळाचं. जायकवाडी तळाला गेलेली, नळाला आठवड्यानं पाणी. आणि शहर मात्र असं सुटलं होतं की विचारू नका. रोज एक नवी कॉलनी, रोज एक रुंद रस्ता. असाच रस्ता रुंद करताना त्यांच्या मोहल्ल्यामागं जुन्या नहरीचं तोंड उघडं पडलं. नहर म्हणजे जमिनीखालून शहराला पाणी आणणारा जुना बांधीव बोगदा. तोंड विहिरीसारखं, खाली उभं राहायला जागा. सोमवारी त्याच्यावर स्लॅब पडणार, असं मुकादम सांगून गेला.

हे ऐकलं आणि नूरभाईंची बायको अख्तरी चुलीवरचा तवा उतरवून तशीच बसून राहिली.

तिचे वडील याच नहरीत उतरून गाळ काढायचे, भिंतींना चुन्याचा गिलावा करायचे. बाहत्तरच्या दुष्काळात अख्तरी पाच वर्षांची होती. तेव्हापासून तिला एक आठवत आलं होतं. गार अंधार, खाली कुठंतरी झुळझुळणारं पाणी, आणि ओल्या चुन्यात रुतलेला तिचा स्वतःचा पंजा. चुना थंडगार लागला होता, पण हात काढावासा वाटत नव्हता. हे घडलं होतं की स्वप्न होतं, पन्नाशी आली तरी तिला ठरवता येईना. आई म्हणायची, खुळी का गं तू, पोरीबाळींना कुणी नहरीत नेतं का? आणि वडील तर असे, की सहा पोरींतल्या एकीलाही त्यांनी कधी जवळ घेतलं नव्हतं. अख्तरीला नावानं हाक मारल्याचंसुद्धा तिला आठवत नव्हतं. "ए पोरी," एवढंच.

नूरभाई या स्वप्नाला अठ्ठावीस वर्षं हसत आले होते. या वेळी त्यांना हसू आलं नाही.

"एकदा उतरून बघा," अख्तरी म्हणाली. "पंजा असला तर अब्बांनी मला नेलं होतं. नसला तर नसला. माझे गुडघे धड असते तर मीच गेले असते."

"बघतो. येऊन सांगतो."

"सांगू नक्को. फोटो आणा. नवरदेवाचं टक्कल झाकून देणारे तुमी, तुमच्या तोंडाचा काय भरवसा?" एवढं बोलून ती आत निघून गेली.

रविवारी दुपारी मजूर जेवायला बसले होते. मुकादमानं शिडी लावून दिली, वर अर्ध्या तासाची मुदत दिली. शिडीवरून सत्तर-दोनशे घेऊन उतरायची नूरभाईंची ताकद नव्हती. झक मारत त्यांनी कपाटातलं बिस्कुट काढून कॅमेऱ्याला चढवलं होतं. मंतशा वर तोंडाशी वाकून उभी राहिली.

एकेक पायरी उतरत गेले तसं ऊन मागं राहिलं. मग मजुरांचा आवाज राहिला, मग खुद्द शहरच वर कुठंतरी राहून गेलं. तळाशी घोट्याएवढं पाणी होतं. वर माणसं टँकरमागं धावत होती, आणि हे पाणी आपलं कुणालाही न सांगता वाहत होतं. नूरभाईंना वाटलं, आपण बायकोच्या झोपेत उतरलो आहोत. सगळं तिनं सांगितलं तसंच. तोच गारवा, तीच झुळझुळ. त्यांनी अदबीनं चपला काढून हातात घेतल्या.

कॅमेरा चालू केला. पडदा काळाठिक्कर. बटणं दाबली, पुसून पाहिलं, फुंकर मारली. काळंच.

"मंतशा, तुझं बिस्कुट मेलं बघ!"

"समोरून दाखवा अब्बा! वर करा!" मंतशानं पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अय्यो अब्बा, ते झाकण हाय! लेन्स नसली की लावतात ते! लेन्स दुकानातच राहिली!"

जन्म लेन्सा हाताळण्यात गेला आणि माणूस झाकण घेऊन फोटो काढायला आला! मंतशा पळत सुटली. नूरभाई खाली एकटे उरले.

मोबाईलच्या उजेडात ते भिंत चाचपू लागले. पाच वर्षांची पोर म्हणजे कमरेएवढी, म्हणून त्यांनी कमरेच्या उंचीनं चारी बाजू पाहिल्या. गिलावा शाबूत होता. चिरा होत्या, शेवाळ होतं, मुळं होती. पंजा नव्हता. पुन्हा एकदा, गुडघ्यापासून छातीपर्यंत, तळहात फिरवत पाहिलं. नाहीच. वर जाऊन काय तोंड दाखवायचं? खोटं बोलावं का? तिनं आधीच ओळखून ठेवलं होतं. एका बाईच्या बापाची एकुलती एक माया आपल्या हातून आज खोटी ठरणार, या विचारानं नूरभाईंचे डोळे भरून आले.

"अब्बा, झेला!"

मंतशानं लेन्स ओढणीच्या टोकात बांधून खाली सोडली होती. एवढीशी वस्तू, गाठीत कुठल्या कुठं मावली. ती घ्यायला नूरभाईंनी मान वर केली, मोबाईलचा उजेडही वर गेला, आणि ते तसेच राहिले.

पंजा तिथं होता. त्यांच्या डोक्याच्याही वर, हातभर उंच. इवलासा, पाची बोटं फाकलेली, करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी. अख्तरी ताटात भाकरी वाढायची तेव्हा तीच वाकडी करंगळी ते रोज बघत होते.

लेन्स चढवली. डाव्या हातानं उजव्या कोपराला टेकू दिला आणि दात खाऊन कॅमेरा वर नेला. खांद्यातून कळ निघाली, पण हात गेला. मोठी लेन्स असती तर तो गेलाच नसता, हे त्यांना तिथंच कबूल करावं लागलं. त्यांनी एकामागोमाग नऊ फोटो काढले. तोवर मुकादम हाका मारू लागला.

घरी अख्तरी दारातच उभी होती. त्यांनी कॅमेरा तिच्यापुढं धरला. तिनं चष्मा लावला. बराच वेळ ती पडद्यावरच्या करंगळीकडं बघत राहिली, मग स्वतःच्या.

"भिंतीत कुठं होता हा?" तिनं विचारलं. "खाली?"

"नाय. लई वर. माझाही हात पोचेना."

अख्तरीनं चष्मा काढला.

"म्हणजे खांद्यावर उभं केलं होतं त्यांनी मला," ती हळूच म्हणाली. "आणि घट्ट धरलं असणार. नायतर पडले असते मी."