अर्ध्या इंजिनाचे नट

आमच्या पासली गावात भावाभावांच्या वाटण्या पुष्कळ झाल्या. खाचरं वाटली, बैल वाटले, एका घरी तर आंब्याच्या फांद्याही वाटल्या. पण इंजिनाचे दोन भाग करावेत ते ज्ञानूनंच. माणूस वाईट नाही, राग मात्र नाकाच्या शेंड्यावर. पाण्याचं डिझेल इंजिन कुणाच्या वाट्याला घालायचं यावर पंच अडले, तेव्हा यानं सरळ खडू घेऊन इंजिनावर मधोमध रेघ ओढली. "घराकडचं अर्धं माजं. माज्या बाजूला कुनी हात लावायचा न्हाई!"

त्याचे थोरले भाऊ सावळारामदादा एवढंच म्हणाले, "बरं."

अर्ध्या इंजिनानं पाणी चढत नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. इंजिन ओढ्याकाठच्या खोपीत तसंच बसून राहिलं आणि दोघं भाऊ बोलायचे थांबले ते थांबलेच.

यंदा भातकापणीच्या सुमारास सावळारामदादा गेले. फुलावहिनी एकट्या राहिल्या. त्यांची लेक शेफाली तिकडं हायवेवरच्या वरवे गावाजवळ कंपनीत कामाला आहे, ती आईला न्यायला टेम्पो घेऊन येणार होती. वहिनींना जायचं नव्हतं. "ओढ्याकाठचा मळा भिजला, कांदा लावता आला, तर म्या हितंच ऱ्हाते," असं त्यांनी लेकीला फोनवर सांगितलं. लेकीनंही कबूल केलं. ओढ्याकडं विजेचे खांब नाहीत, म्हणजे सगळा भार त्या इंजिनावर आला.

ज्ञानूच्या कानावर हे गेलं आणि टेम्पो यायच्या दिवशी सकाळी तो नट खोलायचे पाने घेऊन माझ्या दारात उभा. "चल कुंडलिक. वैनी गेली तर दादाच्या घराला कुलूप लागंल."

खोपीत जाऊन पाहिलं तर इंजिनाचं हँडल फिरेना. आतून जाम झालेलं, वरचं हेड उघडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. हेडला चार नट. ओढ्याच्या बाजूला उभं राहायला जागा होती म्हणून तिकडून सुरुवात केली. पाना लावला आणि नट अलगद फिरला. दुसराही तसाच. खाली आट्यांवर ग्रीस, अगदी स्वच्छ. घराकडच्या, म्हणजे ज्ञानूच्या, बाजूचे दोन नट मात्र गंजून बोल्टाशी एकजीव झालेले. पाना नुसता घसरत होता.

"ही बाजू कुनी राखली?" ज्ञानूनं विचारलं.

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. "ह्यांनीच. दर खंडेनवमीला यायचे. पुसायचे, ग्रीस लावायचे, कुंकू लावायचे. आपल्या अर्ध्यालाच."

ज्ञानूचा चेहरा काळा पडला. त्यानं पान्याच्या दांड्यावर लांब पाइप चढवला. मी म्हटलं, घासलेट ओत, हातोडीनं हळूहळू ठोक, उद्यापर्यंत मुरू दे. लोखंड रागावून ऐकत नाही. "दुपारी टेम्पो येतूय," तो म्हणाला आणि अंगाचा सगळा भार पाइपवर टाकला. त्याचा राग कुणावर होता हे मला कळत होतं, पण हात धरायची माझी छाती झाली नाही.

कट्कन आवाज झाला. बोल्ट तुटलाच, शिवाय खालच्या ओतीव बिडाचा कपचाही घेऊन आला. इंजिन संपलं.

ज्ञानू खाली बसला आणि रडायलाच लागला. "दादानं माज्या बाजूला एकदा तरी हात लावायचा हुता. म्या काय जीव घेनार हुतो?"

"म्या बी तेच म्हनायचे," वहिनी म्हणाल्या. "तर ह्ये म्हनायचे, ज्ञानूनं नको म्हनलंय. त्यो हाक मारंल, तवा लावीन. ग्रीसचा डबा उघडा ठिवून बसायचे लई येळ. हितनं तुमचं दार दिसतंय, भावजी."

दुपारी टेम्पो आला. सामान ज्ञानूनंच चढवलं, पोत्याला हात लावू देईना कुणाला. मी त्याला कोपरानं ढोसलं. इंजिन मेलं तर मेलं, 'माझ्या घरी राहा' म्हण की लेका! त्यानं पोत्याची गाठ पुन्हा आवळली. कुठल्या तोंडानं म्हणू, असं त्याला वाटत असणार. सगळं आयुष्य असल्याच विचारात घालवलं त्यानं.

शेफालीनं आईला पुढं बसवलं. चालकानं गाडी चालू केली, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "थांब जरा." पदर सारखा केला, पिशवी मांडीवर घेतली, पुन्हा खाली ठेवली. ज्ञानूकडं पाहिलं. तो पायाखालची माती बघत होता.

"चल बाबा," वहिनी चालकाला म्हणाल्या.