सगळ्यात लहान चौकोन

सपनाची चूक एवढीच झाली, की ते चित्र तिने मोबाइलवर न दाखवता चांगल्या जाड कागदावर रंगीत छापून आणलं. कागदावरच्या चौकोनांवर तिच्या सासऱ्यांचा, महादेवरावांचा, भारी विश्वास. त्यांच्या गावात, पिपरी मेघेत, जिकडे पाहावं तिकडे प्लॉटचे नवे लेआउट पडलेले. कोणी रंगीत नकाशा पुढे धरला की महादेवराव आधी रस्ता कुठून येतो ते पाहणार आणि मग कोपऱ्याचा प्लॉट बोटाने दाबून धरणार, जणू कोणी तो उचलून नेत होतं.

हे चित्र मात्र त्यांच्याच किराणा दुकानाचं होतं. सपना घरूनच एका कंपनीसाठी डेटाचं काम करी. सासऱ्यांच्या दुकानातली बिलं कॉम्प्युटरवर आणली तीही तिनेच. वर्षभराची बिलं जमल्यावर तिने ट्रीमॅप काढला, नाव झाडाचं पण दिसायला चौकोनांचा नकाशा. सगळी विक्री म्हणजे एक मोठा चौकोन आणि त्यात प्रत्येक मालाचा आपापला चौकोन. ज्याची विक्री जास्त, त्याची जागा मोठी. डावीकडे वर तेल ऐसपैस पसरलेलं, शेजारी तूरडाळ, खाली साखर आणि चहा. उजवीकडे अगदी तळाला नखाएवढा गुलाबी ठिपका होता. ते सासूबाईंचं, शकुंतलाबाईंचं, घरचं लोणचं आणि पापड.

"कोणता माल किती विकते, ते एका नजरेत दिसते, बाबा," सपना म्हणाली.

"दिसलं," महादेवराव म्हणाले, आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

मग सपना आणि तिचा नवरा धीरज आष्टीला लग्नाला गेले. परत येऊन बघतात तर दुकान ओळखू येईना. दारातून शिरताच डाव्या हाताला तेलाच्या डब्यांची भिंत, पुढे डाळीची पोती, आणि साखरेपर्यंत जायचं तर माणसाला आडवं होऊन सरकावं लागे. गल्ल्याशेजारी वर्षानुवर्षं असलेलं शकुंतलाबाईंचं टेबल उजवीकडे अगदी मागे, झाडू आणि मिठाच्या पोत्यांमध्ये कोंबलेलं होतं.

"बाबा, हे काय केलं?"

"तुह्याच नकाशावरून केलं. कागदात जसं, तसं दुकानात. हुशार बाई हायेस तू, मले आधी सुचलंच नाई!"

सपनाला हसू फुटलं, पण टेबलावर बरण्या नाहीत हे लक्षात आलं आणि ते तिथेच विरलं. ती दुकानावरच्या घरात गेली. शकुंतलाबाई गहू निवडत बसल्या होत्या. बरण्या स्वयंपाकघरात एका रांगेत ठेवलेल्या.

"तुह्यावर राग नाई माहा," त्या म्हणाल्या. "पन इतके वर्षं लोकाईच्या हातावर लोनच्याची फोड ठेवली, जेवला का म्हणून पुसलं, आन माहा हिस्सा एवढासाच निंघाला. आता मी नाई येत दुकानात."

सपनाला फार वाईट वाटलं. चित्र खोटं नव्हतं, ही खरी पंचाईत. किती विकलं ते त्याने बरोबर सांगितलं होतं. गिऱ्हाईक कशामुळे परत येतं, हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

ते विचारायला दुसरं झाड लागतं. त्याला डिसिजन ट्री म्हणतात, हो-नाहीच्या प्रश्नांचं झाड. नव्या गिऱ्हाइकाने पहिल्या दिवशी काय घेतलं, केव्हा घेतलं, राहतं कुठे, हे सगळं सपनाने मशीनपुढे ठेवलं आणि विचारलं, यातलं परत कोण येतं? ज्या प्रश्नाने येणारे आणि न येणारे सगळ्यात चांगले वेगळे पडतात, तो प्रश्न मशीन आपणहून सगळ्यात वर ठेवतं. वर तेल आलं असतं तर तेलच मानावं लागलं असतं. सासूसाठी आकडे वाकवायचे नाहीत, असं तिने ठरवलं होतं.

सगळ्यात वर आलं: पहिल्या बिलात घरचं लोणचं किंवा पापड आहे का?

सपना जिना उतरली ती जवळजवळ उड्या मारतच. महादेवरावांनी कागद पाहिला आणि लगेच उलटा धरला. झाडाचं मूळ वर कसं असेल?

"असाच पाहायचा, बाबा. वरून खाली. हो म्हटलं तर इकडे, नाही म्हटलं तर तिकडे. हो वाले बहुतेक सगळे परत आले."

"आन तेल?"

"खाली. तिसऱ्या फांदीवर."

"म्हंजे लोनच्यानं लोक येते?"

"तसं मशीन म्हणत नाही. लोणचं घेणारे परत येतात, एवढंच. काऊन येतात, ते तुम्हाले ठाऊक."

महादेवरावांना ठाऊक होतं. शकुंतलाबाई वर बसल्यापासून खोल्या करून राहणारी कॉलेजची पोरंपोरी दारात डोकावून "काकू नाहीत?" म्हणत होती आणि नुसती काडेपेटी घेऊन जात होती. त्यांनी कागद उचलला आणि जिना चढले. सपना मागोमाग गेली, ही मजा कोण सोडतं!

"चाल दुकानात," ते बायकोला म्हणाले आणि कागद पुढे केला.

शकुंतलाबाईंनी तो हातातही घेतला नाही. "एका कागदानं मले झाडूत नेलं, आता दुसरा गल्ल्यावर नेते का? कागद राहू द्या. मी पुसतो त्याचं हो का नाई, तेवढं सांगा. माहा टेबल होता तिथं ठेवान?"

"हो."

"पुन्हा हालवाचा असन तर मले पुसान?"

"हो."

"आन माह्या लोनच्यापायी एकही गिऱ्हाईक आलं नसतं, तरी बोलवाले आले असते?"

महादेवरावांनी कागदाकडे पाहिलं. त्यात ही फांदी नव्हती. त्यांनी सुनेकडे पाहिलं, तर तिने तोंडाला पदर लावलेला.

"हो," ते शेवटी म्हणाले. "तू नसली का दुकानात करमत नाई मले. कोनाशी भांडू?"

शकुंतलाबाईंचे डोळे भरले आणि ओठ हसले, दोन्ही एकदमच. "मंग कालच काऊन नाई आले?"

महादेवरावांनी सगळ्यात मोठी बरणी दोन्ही हातांनी उचलली आणि सांभाळून जिना उतरायला लागले.