पहिला झोका

मुरुडचा आड आटला तेव्हा गुरम्मानं त्याचा दोर सोडून आणला आणि माजघरात नातवाचा पाळणा टांगला. दोर तरी रिकामा कशाला ठेवायचा?

लातूर जिल्हा झाला तसा तिचा लेक वीरभद्र तिथल्या कचेरीत लागला. आता त्यानं खोली घेतली होती. सून जगदेवीला बी.एस्सी. पुरं करायचं होतं. दुपारच्या गाडीनं लेकराला घेऊन निघायचा बेत होता, पण सासूच्या, आत्याबाईच्या तोंडून हो निघाल्याशिवाय जगदेवी उंबरा ओलांडणार नव्हती. आणि गुरम्माची जीभ काही रेटत नव्हती. लेकरू गेलं की हे घर खायला उठणार, दुसरं काय.

जगदेवी घड्याळ घेऊन पाळण्यापाशी बसली होती.

"आत्या, झोका देऊ नका हो. माझं मोजणं मोडतंय."

"लेकरू उठंल की," म्हणत गुरम्मानं आणखी एक दिलाच. "काय मोजायलीस एवढं?"

"फेज कॉन्स्टंट. घड्याळ चालू केलं तेव्हा पाळणा कुठं होता, ते सांगणारा आकडा. आता बघा, मधल्या जागेपासून अर्ध्यावर दिसला, तर उत्तरं दोन येतात, तीस अंश अन् दीडशे अंश. मग तो लांब जायलाय का माघारी यायलाय ते बघायचं, अन् एक ठरवायचं."

"अन् मी पार इथवर ओढून सोडला तर?"

"मग नव्वद. तुमचा हात सुटला तिथून गणित चालू. पुढं कवाबी मोजा, तो आकडा त्यात असतोच. पुसत न्हाई."

गुरम्मानं पाळण्याची कड धरून तो थांबवला. म्हणजे हात सुटला तरी त्याचा आकडा राहतो.

वीरभद्र दारातून म्हणाला, "आई, गाडीची वेळ झाली."

तिनं लेकरू सुनेच्या कडेवर दिलं, पेटीवर चढली आणि दोराची गाठ सोडायला लागली.

"आडाला पाणी आलं म्हंजे?" वीरभद्र म्हणाला.

"आलं तर बघू." तिनं दोर गुंडाळून जगदेवीच्या पिशवीत कोंबला. "खोलीत ह्यानंच पाळणा बांध. पण हलवू नको. उद्याच्या गाडीनं मी येते, पहिला झोका मी देणार."

"अन् आज रातच्याला लेकरू कशात निजंल, आत्या?"

"तुझ्या मांडीवर. एवढं शिकलीस, तेवढं जमंल."