वाहतं पाणी

“दादा, आज त्या व्हॉल्व्हला हात लावलास तर माझं मेलेलं तोंड बघशील,” धाकटी म्हणाली.

आरसेमास्तर रबरी हातमोजे चढवत होते. “सकाळी सकाळी काय गं हे अभद्र बोलणं? आणि तुझं तोंड कशाला बघू? मी हँडलात माझंच बघतो.”

“हसण्यावारी नेऊ नकोस. त्या बाई येणारेत आज.”

तपासणीच्या बाई येणार, हे कारखान्यातल्या मांजरीलासुद्धा ठाऊक होतं. मागच्या खेपेला त्यांना मागच्या गटारात पिवळं पाणी सापडलं होतं. जाताना त्या शांतपणे सांगून गेल्या होत्या, पुन्हा एकदा असं दिसलं की कुलूप. ओरडल्या असत्या तर मालकांनी हात जोडले असते, चहा पाजला असता, काहीतरी जमवलं असतं. पण शांतपणे बोलणाऱ्या माणसापुढे कुणाचं काय चालणार?

कारखाना होता सायकलच्या हँडलांना चकाकी चढवण्याचा. काळपट लोखंडी हँडलं एका बाजूने यायची, निकेलच्या टाकीत बुडायची, मग क्रोमच्या टाकीत, आणि दुसऱ्या बाजूने अशी निघायची की पोरींनी केस विंचरून घ्यावेत. हे सगळं वीज करते, रसायन करतं, असं बाहेरच्याला वाटतं. खोटं नाही ते. पण प्लेटिंग म्हणजे निम्मं धुणं. क्रोमचं पिवळं पाणी हँडलावर जरा जरी राहिलं तरी डाग पडतो, आणि एकदा पडला की सात जन्म जात नाही. मास्तरांचा हात होता तो या धुण्यात. हँडलं टांगलेला रॅक उचलायचा, निथळायचा, वाहत्या पाण्याखाली धरून असा काही हिसका द्यायचा की थेंब म्हणून राहायचा नाही. त्यांच्या हँडलात बघून एकदा मालकांनी दाढी केली होती. तेव्हापासून ते आरसेमास्तर. खरं नाव आता फक्त बायकोला आठवत असेल, आणि ती काही त्या नावाने हाक मारायची नाही.

पूर्वी धुण्याच्या हौदावरचा व्हॉल्व्ह सकाळी उघडायचा तो संध्याकाळीच बंद व्हायचा. पाणी हौदातून गटारात, गटारातून नाल्यात, नाल्यातून नदीत. पुढचं नदी बघून घेईल. उभी हयात असंच चाललं. खालच्या वस्तीतल्या गुरांना फोड येतात, हे कानावर यायचं, पण कानावर आलेलं सगळं माणूस कुठे ऐकतो?

मग नियम आले. आता वाहतं पाणी बंद. एकापुढे एक असे तीन हौद, तिन्हींत साठलेलं पाणी. आधी पहिल्यात बुडवायचं, मग दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. पहिल्यातलं पाणी गढूळलं की ते नळीने मागच्या टाकीत. आणि मागची टाकी धाकटीची.

धाकटी म्हणजे त्यांची सख्खी बहीण. नवरा अकाली गेला, पदरात एक मुलगी, तेव्हा मास्तरांनीच मालकांकडे शब्द टाकून तिला झाडलोटीला लावलं होतं. मागची टाकी आली तेव्हा तिथे उभं राहायला कुणी तयार होईना. वास, आम्ल, चिखल. “द्या मला,” धाकटी म्हणाली. टाकी बसवायला आलेल्या माणसाच्या मागे मागे फिरून तिने सगळं शिकून घेतलं. आम्ल घातलं, भुकटी घातली की पिवळंजर्द पाणी हिरवं होतं. मग चुना. चुना पडला की नासलेल्या दुधासारखं पाणी फाटतं, गाळ तळाला बसतो, आणि वर राहतं ते नितळ पाणी. पहिल्यांदा तसं पाणी उतरलं तेव्हा ती ग्लास घेऊन दादाकडे धावत आली होती. “बघ, बघ! तुझी घाण!” म्हणाली. चेहरा असा, जणू लेक पहिल्या नंबराने पास झालीय.

मास्तरांना आनंद झाला होता. पण खरं सांगायचं तर पोटात कुठेतरी दुखलंही होतं. कारण धाकटीचं पाणी जसं नितळ होत गेलं तशी त्यांची हँडलं धुरकट होत गेली. साठलेल्या पाण्यात कितीही बुडवा, काचेवर कुणी श्वास सोडावा तशी झाक राहायचीच. मागच्या आठवड्यात गिऱ्हाइकाच्या माणसाने अख्खा माल परत केला. वर हसत म्हणाला, “काय मास्तर, हात म्हातारा झाला का?” मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत. याच हाताला क्रोमने भोकं पाडली होती, नाकाला वास येणं तर केव्हाच बंद झालं होतं, त्याचं दुःख त्यांनी कधी केलं नव्हतं. पण हे मात्र लागलं.

आणि आज तोच माणूस नवा माल बघायला दुपारी येणार होता. हाही माल नापास झाला तर काम दुसरीकडे जाणार. मालकांनी सकाळी दोघा भावंडांना समोर उभं केलं होतं. “पाणी सांडायचं नाही आणि डाग पडायचा नाही. कसं करायचं ते तुम्ही बघा. मला काही कळेनासं झालंय.” मालक काही राक्षस नव्हते. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी त्यांची गत होती.

काम सुरू झालं. पहिले रॅक बरे निघाले. मग झाक दिसू लागली. मास्तर फडक्याने पुसत, उजेडात धरत, पुन्हा पुसत. शेवटी उठून मागे गेले.

“ए, माझा तिसरा हौद बदलून दे. पहिल्या हौदासारखा गढूळ झालाय.”

“आत्ता?” धाकटी टाकीच्या काठावर वाकून बघत होती. “वेड लागलंय का? टाकी काठोकाठ आहे. आत्ताच चुना घातलाय, गाळ बसतोय. दुपारपर्यंत एक बादली पाणी घेता येणार नाही मला.”

“मग मी काय करू?”

“थांब.”

“तो थांबणारे का? डाग घेऊन उभा राहू त्याच्यापुढे?”

धाकटीने मान वर केली. आवाज खाली आणला. “दादा, तुझा डाग दिसला तर माल परत येईल. माझा दिसला तर कुलूप लागेल. मी कुठे जाणार रे? मला दुसरं कुणी या कामाला लावणार नाही. तुला तरी कोण ठेवतंय या वयात?”

“कळतंय गं. आईसारखं बोलू नकोस.”

“आई असती तर कान पिळला असता तुझा.”

मास्तर हसले, परत आले, पुढचा रॅक उचलला. पहिला हौद, दुसरा, तिसरा. वर काढला. हँडलाच्या वळणावर एक पिवळसर ओघळ, अगदी बारीक, पण होता. पुन्हा बुडवला. होताच. तिसऱ्यांदा बुडवला. आणि मग हात आपणहून तिसऱ्या हौदावरच्या व्हॉल्व्हवर गेला.

एवढा एकच रॅक, ते मनात म्हणाले. जराशी धार, लगेच बंद. पाणी आलं. थंड, स्वच्छ, वाहतं पाणी! किती दिवसांनी! रॅक धारेखाली धरून त्यांनी तो जुना हिसका दिला आणि ओघळ गेला. हँडलात छताची कौलं दिसली, खिडकी दिसली, त्यांचं पिकलेलं डोकं दिसलं. म्हातारा झाला म्हणे हात! त्याच भरात त्यांनी पुढचा रॅक क्रोममध्ये सोडला, करंटचं घड्याळ लावलं.

तेवढ्यात मालकांची हाक आली. “मास्तर, पाहुणे लवकर आलेत. तयार असेल ते घेऊन या!”

मास्तर ओली हँडलं छातीशी धरून पुढच्या खोलीत गेले.

आता कुणी म्हणेल, एवढा जाणता माणूस, व्हॉल्व्ह कसा विसरला? अहो, विसरले नाहीत ते. त्या हाताला व्हॉल्व्ह उघडायची सवय होती ती सकाळची आणि बंद करायची ती संध्याकाळची. मधल्या वेळात बंद करायचा असतो हे डोक्याला नवीन नवीन ठाऊक झालेलं, हाताला नाही. आणि डोकं त्या क्षणी हँडलात होतं.

गिऱ्हाइकाच्या माणसाने हँडल उजेडात धरलं, फिरवलं, नखाने वाजवलं. “वा! हे बघा. हे मास्तरांचं काम! मागच्या वेळी काय झालं होतं हो?”

“पाणी चांगलं नव्हतं,” मास्तर म्हणाले.

“असंच सगळं द्या. मग वर्षभराचं काम तुमचंच.”

मालकांनी चहा मागवला. मास्तरांना खुर्ची दिली. इतक्या वर्षांत त्या खोलीत ते पहिल्यांदाच बसले असतील. चहा संपत आला आणि मागून धाकटीची किंकाळी आली. “दादाऽऽ!”

त्या एका हाकेत त्यांना सगळं कळलं. धावत मागे आले तोवर धाकटीने व्हॉल्व्ह बंद केला होता. पण तिसरा हौद दुसऱ्यात, दुसरा पहिल्यात आणि पहिला नळीतून मागच्या टाकीत असा भरभरून गेला होता. टाकीच्या काठावरून पिवळं पाणी पातळ चादरीसारखं उतरत होतं, पायरीवरून गटारात जात होतं. पायरीपाशी तपासणीच्या बाई उभ्या होत्या. हातात धाकटीने नुकतीच भरून दिलेली बाटली होती, आतलं गाळावरचं पाणी नितळ. पाय भिजू नयेत म्हणून त्या एक पाऊल बाजूला सरकल्या.

“आत्ताच मी यांना म्हणत होते,” बाई म्हणाल्या, “की इतकी नीट ठेवलेली टाकी मी फार कमी ठिकाणी बघितलीय.”

मालक धापा टाकत आले. टाकी बघितली आणि धाकटीकडे बघितलं. टाकी तिची होती.

“मी सोडलं पाणी,” मास्तर म्हणाले. “तिचा काही दोष नाही. मी उघडला व्हॉल्व्ह. लिहा तसं.”

“कोणी उघडला हे मला लिहायचं नसतं हो,” बाई म्हणाल्या. त्यांचाही चेहरा उतरला होता. “पाणी गेलं की नाही, एवढंच. बाटलीतलं पास होईल. गटारातलं होणार नाही. मी बघितलंय, आता न बघितल्यासारखं कसं करू? खाली माणसं राहतात.”

त्या वाईट असत्या तर निदान भांडता तरी आलं असतं. गिऱ्हाइकाचा माणूस दारातूनच परत गेला. बंद पडणाऱ्या कारखान्याला काम कोण देतं? मालक पालथ्या घातलेल्या पिंपावर बसले आणि उठलेच नाहीत. बाईंबरोबर आलेल्या माणसाने व्हॉल्व्हला तार गुंडाळून मोहोर लावली, मग विजेच्या पेटीला.

“हात गेला गं,” मास्तर धाकटीला म्हणाले. “मला कळलंच नाही.”

“हात तुझा गेला आणि काम माझं गेलं!” धाकटी ओरडली. आजवर ती दादावर अशी कधी ओरडली नव्हती. “वर्षभर त्या टाकीपाशी माती केली मी जिवाची. पोरीचं आजारपण असलं तरी सुट्टी घेतली नाही. त्या बाई चांगलं म्हणाल्या मला, ऐकलंस का? आयुष्यात पहिल्यांदा कामाबद्दल कुणी मला चांगलं म्हणत होतं. आणि तू? कशासाठी? सायकलचं हँडल चमकावं म्हणून?”

हो, म्हणूनच. दुसरं कारण मास्तरांपाशी नव्हतं.

“टाक्यांमध्ये काही राहिलंय का?” बाईंच्या माणसाने विचारलं. “असेल तर काढून घ्या. झाकणं लावायचीत.”

क्रोममध्ये शेवटचा रॅक तसाच लटकत होता. करंट केव्हाच आपोआप तुटला होता. मास्तरांनी हातमोजे घातले आणि रॅक उचलला. पिवळं पाणी निथळू लागलं. ते पहिल्या हौदापाशी आले आणि थांबले. तिन्ही हौद काठोकाठ, थरथरते. रॅक आत गेला की तेवढंच पाणी बाहेर येणार.

“बुडवू नकोस, दादा,” धाकटी म्हणाली. “सांडेल.”

“मग हा धुऊ कुठे?”

तिने आजूबाजूला बघितलं. चुन्याचं रिकामं घमेलं ओढलं, गुडघे टेकून रॅकच्या खाली सरकवलं, आणि तिथेच बसून राहिली. मास्तरांचे खांदे भरून आले तरी त्यांना रॅक खाली ठेववेना. थेंब घमेल्यात पडत राहिले, मग कमी झाले. हँडलांच्या वळणावर पिवळे ओघळ हळूहळू सुकायला लागले.