मोगऱ्याचा शुक्रवार

"सुमन, देवापुढचा अंगारा पायदळी येऊ द्यायचा न्हाई. झाडाच्या बुडात टाकायचा. झाड बी पुण्यवान होतंय."

सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली, पण सकाळी पूजा आटोपून धुपाटण्यातली राख उचलली की हा आवाज मला मागून ऐकू येतोच. त्यामुळे माझ्या हातून कधी चूक झाली नाही. गोवरीचा अंगारा, उदबत्तीची राख, सगळं अंगणातल्या मोगऱ्यांच्या आळ्यात जायचं. वरून आमच्या बोअरचं पाणी. मोगरे पुण्यवान होत होते आणि दिवसेंदिवस पिवळे पडत होते.

हे मोगरे हौसेचे नव्हते, नवसाचे होते. पिंगळीच्या या घरी बोअर मारायला मशीन आली, तेव्हा ती दिवसभर नुसता धुरळा काढत बसली. आमचे हे, म्हणजे दिनकरराव, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. बाजेवर बसून बसून पांढरेफटक झाले होते, नुसते डोळे तेवढे दिसत होते. मी मशीनच्या मागं जाऊन हात जोडले. म्हटलं, "पोखर्णीच्या नरसिंहा, पाणी लागू दे. त्याच पाण्यावर मोगरा वाढवीन आणि तुझ्या जयंतीला त्याचा हार घालीन. विकतचं एक फूल त्यात घालणार नाही." डोळे उघडते तर चिखलाचा फवारा उडालेला आणि पांढरे दिनकरराव काळे होऊन नाचायला लागलेले.

देवानं शब्द पाळला. आता पाळी माझी होती. रोपं लावली, वाढली, आणि यंदाच्या वैशाखात हार घालायचा म्हणून मी दिवस मोजत होते, तोवर रंगपंचमी झाली आणि पानांनी रंग बदलला. शिरा तेवढ्या हिरव्या, बाकी पान हळदीत बुडवल्यासारखं. कळी औषधाला नव्हती.

शेजारच्या भिवराबाईंच्या घरी शेळ्या-मेंढ्या आहेत. त्या कंपाउंडवरून वाकून म्हणाल्या, "सुमनबाई, माझ्या शेरडाच्या लेंड्या घाला बुडात. मोगरा तर सोडाच, माणूस बी उगवंल."

लेंडीखत घातलं. पानं तशीच.

"त्याला अशक्तपणा आलाय," दिनकरराव म्हणाले. "सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार. तुझ्यासंगं त्यो बी समदे उपास धरायलाय."

मी काही बोलले असते तरी कुणाला ऐकू गेलं नसतं. माझा आवाज इतका हळू आहे, की घरातले लोक बहुतेक वेळा माझ्या आदल्या वाक्याला उत्तर देत असतात.

शेवटी प्रियांकानं मनावर घेतलं. प्रियांका म्हणजे आमच्या हरिओमची बायको, नवी सून. शेतीचं शिक्षण घेऊन आलेली. तिनं एक पान उन्हात धरून पाहिलं, मग बादलीच्या कडेला साचलेला पांढरा थर नखानं खरवडला, आणि आतून कागदाच्या बारीक पट्ट्यांचं एक पुडकं घेऊन आली.

"आत्याबाई, ही पट्टी पाण्यात बुडवायची. लाल झाली तर आंबट, हिरवी झाली तर मधलं, निळी झाली तर क्षाराचं."

बोअरच्या पाण्यात पट्टी बुडवली. ती निळसर हिरवी झाली.

"पाण्यात क्षार जास्त हाय. आपली काळी माती बी तशीच, चुनखडीची. लोह मातीत असतं, पण असल्या मातीत ते झाडाला घेताच येत न्हाई. ताट वाढलंय आणि हात बांधलेत, तसं."

"देवानं दिलेलं पाणी हाय ते," मी म्हणाले.

"लोह म्हंजे आपलं लोखंडच," तिनं मला सांगितलं. मग माझं वाक्य तिच्यापर्यंत पोचलं असावं. ती हसली. "देवानं पाणी दिलं, आत्याबाई. आंघोळ घालायला बी त्यानंच यावं का?"

दिनकररावांना त्या पट्ट्यांचं असं वेड लागलं की विचारू नका. त्यांनी चहात पट्टी बुडवली. डाळीच्या वरणात बुडवली. पानाला लावायच्या चुन्यात बुडवली, ती जांभळी झाली तसे टाळ्या वाजवायला लागले. भिवराबाई काय चाललंय बघायला आल्या, तर त्यांच्या हातातल्या कढीत बुडवली. "मुडद्या, माझी कढी बाटवली!" म्हणून त्या मागं लागल्या, आणि आमचा पासष्टीचा माणूस अंगणभर पळत सुटला.

"मामा, पट्ट्या संपतील!" प्रियांका ओरडत होती.

त्या गोंधळात माझ्या हातात सकाळचा अंगारा होता. मोगऱ्याला घालायला म्हणून मी निघालेच होते. प्रियांका एकदम थांबली.

"आत्याबाई, हे रोज घालता?"

"रोज. एक दिवस चुकले न्हाई."

तिनं चिमूटभर राख वाटीभर पाण्यात कालवली, पट्टी बुडवली. पट्टी देव्हाऱ्यातल्या कृष्णाएवढी निळी झाली.

मी त्या पट्टीकडे बघत होते. रोजच्या रोज, न चुकता, इतक्या भक्तीनं मी मोगऱ्याचे हात बांधत होते! आणि काय झालं कोण जाणे, मला हसू फुटलं. असं फुटलं की थांबेना. पदर तोंडात घातला तरी थांबेना. दिनकरराव घाबरून म्हणाले, "हिचा आवाज कवा ऐकला होता का रं कुणी?"

प्रियांकानं वरची राखेची माती खरवडून काढली, नवी माती आणि मुरलेलं लेंडीखत भरलं. पानांवर फवारायला हिराकस म्हणजे लोहाची पूड आणली. आणि पाण्यात घालायला एक पुडी.

"हे काय?"

"लिंबूसत्व. जरासंच घालायचं, पट्टी हिरव्याच्या थोडी अलीकडं येईपर्यंत."

"आंबट असतंय का?"

"आंबटच. म्हणून तर घालायचं."

त्या दिवशी गुरुवार होता.

माझा देवीचा शुक्रवार कडक असतो. आंबट खायचं नाही, आंबटाला शिवायचं नाही, दुसऱ्याला आंबट वाढायचं नाही. त्या दिवशी लोणच्याची बरणीसुद्धा मी फडकं टाकून झाकते. आता मोगरा हा 'दुसरा' धरायचा की नाही? रात्रीच्या जेवणात यावर मोठी चर्चा झाली. दिनकरराव म्हणाले, झाडाला जीभ नसते. प्रियांका म्हणाली, जीभ नसली तरी मूळ असतं. मग तीच म्हणाली, "सोडा हो, एक दिवस साधं पाणी प्यालं तर काय बिघडायलंय? शनिवारपासून घालू." पुडी घरात नको म्हणून भिवराबाईंकडे ठेवायला दिली.

सगळं नीट झालं असतं. पण शुक्रवारी दिनकरराव हमखास भिवराबाईंच्या घरी जातात आणि लोटाभर ताक पिऊन येतात. मला कळत नाही, असं त्यांना वाटतं. त्या दिवशी ताक पिता पिता त्यांना पुडी दिसली आणि मनात माया दाटली. सुमनला आज हात लावता येत नाही, मग आपण कशाला आहोत?

मी पोथी वाचत होते. बाहेरून प्रियांकाची किंकाळी आली.

"मामा, किती घातलं?"

"समदं. थोडंथोडं कशाला? ऊस गोड लागला म्हणून..."

"मामा!"

मी धावले. आळ्यातली माती फसफसत होती. खरंच, सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे येत होते. प्रियांकानं आळ्यातल्या पाण्याला पट्टी लावली. कुंकवासारखी लाल.

"लाल म्हंजे शुभच की," दिनकरराव बारीक आवाजात म्हणाले.

"मुळं जळतील! बोअर चालू करा! धुवून काढायला पाहिजे, भरपूर पाणी, लवकर!"

मोटार सुरू झाली. भिवराबाई कळशी घेऊन कंपाउंड ओलांडून आल्या, मागून त्यांची दोन शेरडंही आली. मी उंबऱ्यावर उभी. समोर आंबट चिखल, आणि आज शुक्रवार. पण त्या चिखलात माझा शब्द उभा होता, पिवळ्या पानांचा. मी देव्हाऱ्याकडे बघून मनातल्या मनात म्हटलं, आई, तुला काय म्हणायचं ते संध्याकाळी म्हण. पदर खोचला आणि आळ्यात उतरले.

आम्ही पाणी ओतत होतो, वाट काढून देत होतो, पुन्हा ओतत होतो. दिनकरराव घसरून बसले आणि बसल्या जागेवरूनच बादल्या पुढं ढकलू लागले. प्रियांका दर थोड्या वेळानं वाहून जाणाऱ्या पाण्यात पट्टी बुडवायची आणि ओरडायची.

"लाल!"

"अजून लाल!"

"नारंगी!"

"पिवळी, आत्याबाई, पिवळी!"

आणि मग पट्टी हिरवी झाली. प्रियांका चिखलात मांडी घालून बसली आणि पट्टीकडे बघत राहिली.

"दुसऱ्या कुणाचं गोडं पाणी असतं तर इतक्या लवकर आंबटपणा मेला नसता," ती म्हणाली. "आपल्या पाण्यातल्या क्षारानं मारला."

"म्हंजे देवानं पाणी इचार करूनच दिलं होतं," दिनकरराव म्हणाले. "त्याला म्हाईत होतं, या घरात मी हाय."

भिवराबाई इतक्या हसल्या की त्यांच्या कळशीत शेरडानं तोंड घातलं तरी त्यांना कळलं नाही.

मी कोपरापर्यंत आंबट झाले होते. म्हटलं, "माझा शुक्रवार मोडला. पहिल्यापासून धरीन."

या वेळी सगळ्यांना पहिल्याच वाक्याला ऐकू गेलं. दिनकरराव उठायचा प्रयत्न करत म्हणाले, "तू काऊन? आंबट मी घातलं. मोगऱ्याला फुलं येईस्तोवर शुक्रवार मी धरतो."

"अगं बाई!" भिवराबाईंच्या तोंडून निघून गेलं. "मग माझ्या घरचं ताक कोण प्यायचं?"

दिनकररावांनी आकाशाकडे पाहिलं. मी म्हटलं, "शेरडांना पाजा." आणि आत जाऊन आंघोळ केली.

पुढचे शुक्रवार आमच्या घरात दोघांचे झाले. गूळ-फुटाणे खाताना ते झाकलेल्या बरणीकडे असे बघायचे, जशी ती गावाला निघालेली बहीणच. पण त्यांनी चुकवलं नाही. इतर दिवशी मी बादलीत चिमूट-चिमूट लिंबूसत्व घालून पट्टी बघायचे. प्रियांका संध्याकाळी हिराकस फवारायची. आधी शेंड्याचं एक पान हिरवं निघालं. ते बघायला सगळ्यांना बोलावलं. मग फांदी हिरवी झाली. आणि चैत्र सरता सरता एका सकाळी पानाआड तांदळाएवढं काही तरी पांढरं दिसलं. मी इतक्या मोठ्यानं हाक मारली, की भिवराबाई साप निघाला समजून काठी घेऊन आल्या.

जयंतीच्या आदल्या संध्याकाळी कळ्या खुडल्या आणि ओल्या फडक्यावर हार गुंफायला बसले. भिवराबाईंनी बाजारातला गजरा आणला होता. "कमी पडलं तर जोडा. देवाला काय कळतंय?"

"मला कळंल की," मी म्हटलं. तो गजरा मी प्रियांकाच्या केसात माळला.

हार थोडा आखूड झाला. मी तो हातात धरून इकडून तिकडून ओढून पाहिला. दिनकरराव माझ्याजवळ येऊन बसले.

"वाकंल की त्यो," ते म्हणाले. "बोअरच्या वक्ताला तुझं तेवढं हळू बोलणं ऐकायला वाकलाच होता."

सकाळी उजाडायच्या आत पूजा केली. अंगारा उचलून परसातल्या चिंचेच्या बुडाशी टाकला. ते जुनं झाड आंबट आणि दांडगं आहे, त्याला या राखेनं काही होत नाही असं प्रियांका म्हणते. अंगारा पायदळी येत नाही, त्यामुळे सासूबाईंनाही चालतं. मग फडक्यात गुंडाळलेला हार पितळी डब्यात ठेवला. दिनकरराव घोरत होते. आत प्रियांकाच्या खोलीतून मोगऱ्याचा वास येत होता. मी आवाज न करता दार ओढून घेतलं, डबा छातीशी धरला आणि अनवाणी पोखर्णीच्या रस्त्याला लागले.