सांगावा कुणी द्यायचा

मी एक जुना मोबाईल आहे. माझ्या काचेला तडा गेला आहे, पाठ फुगली आहे, आणि चार्जरची पिन जरा तिरकी धरली तरच माझ्या पोटात वीज जाते. आंबी गावात सीताराम यांच्या स्वयंपाकघरात, मांडणीवर, मिठाच्या बरणीशेजारी माझी जागा आहे. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, असल्या मोडक्या फोनला सांगण्यासारखं काय असणार? पण मी एका फुटबॉल क्लबचा आवाज होतो. फुशारकी मारायची म्हणून हे सांगत नाही. तो आवाज ज्याला ऐकायचा होता त्याला वेळेवर ऐकू गेला नाही, ते दुःख मनातून जात नाही म्हणून सांगतो.

माझा जन्म कुठल्याशा मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही. आठवतं ते तळेगावचं दुकान आणि काउंटरवर टेकलेले सीतारामांचे मातकट हात. दुकानदार कॅमेऱ्याचं कौतुक सांगू लागला, तेव्हा ते म्हणाले, "फोटूबिटू ऱ्हाऊ द्या. आवाज लांब गेला पायजे." दुकानदार हसला. मला मात्र हा माणूस तिथेच आवडला.

सीताराम शेतकरी. इंद्रायणीच्या अंगाला त्यांचं भाताचं एक मोठं खाचर होतं. तरुणपणी ते देहूरोडला लष्कराच्या डेपोत हंगामी कामाला जात. तिथे अंबाजी नावाचे एक जाणते कामगार सुट्टी झाली की मैदानावर फुटबॉल खेळत. त्यांनी सीतारामांना खेळात घेतलं आणि तेव्हापासून या माणसाला चेंडूचं वेड लागलं. पुढे हाती शेती आली, तेव्हा त्यांनी खाचराचे मधले बांध मोडले, जमीन सपाट केली, दोन्हीकडे गोलाचे खांब रोवले आणि 'आंबी खाचर क्लब' उभा केला. भावांनी कपाळाला हात लावला. गावाने चेष्टा केली. पण पोरं खेळू लागली, जिंकू लागली, आणि तीच गावकरी मंडळी रविवारी बांधावर येऊन बसू लागली. कुणी सीतारामांना क्लबचे मालक म्हटलं की ते अवघडून जात. "मालक बैलाचा आसतो. ही मानसं हायेत," असं म्हणत.

आमच्या मावळात लग्नाच्या मांडवात एक रीत आहे. आलेल्या पाहुण्यांची नावं माईकवरून घेतात. गाव सांगतात, नातं सांगतात, मग स्वागत करतात. एखाद्याचं नाव राहिलं तर तो न जेवता उठून जातो आणि पुढची कितीतरी वर्षं ते बोलून दाखवतो. सीतारामांनी क्लबचं पान सुरू केलं, तेव्हा समाजमाध्यमावर काय लिहायचं असतं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांना मांडव माहीत होता. सामन्याच्या आदल्या दिवशी ऊन उतरलं की ते मला बांधावर पाण्याच्या कळशीला टेकवून उभं करत, थेट प्रक्षेपण सुरू करत आणि पाठीराख्यांची नावं घेत.

"देहूरोडचा रतन, आलास का? भामामावशी, उद्या छत्री आना, ऊन लय हाय." मग उद्या कोण खेळणार, कुणाचा पाय मुरगळलाय, गेल्या वेळी कुठं चुकलं, सगळं सांगत. हरलो तर हरलो म्हणत. चिडून कुणी काही लिहिलं तर त्यालाही नावानिशी उत्तर देत. काम करून माझं अंग तापायचं, पण तो ताप मला गोड वाटायचा.

या नावांत पहिलं नाव ठरलेलं होतं. "लोणावळ्याचं आमचं अंबाजीआबा, ऐकताय न्हवं?"

डेपोतले तेच अंबाजीआबा तोवर थकले होते. अर्ध्या अंगावरून वारं गेलं होतं. बायको शालूबाईंसोबत ते लोणावळ्याला मुलाकडे राहत. आंबीला येणं त्यांना जमत नसे, जीभ जड झाल्यामुळे फोनवर बोलणंही होत नसे. पण एका बोटाने ते टाइप करत. सीतारामांनी नाव घेतलं की थोडा वेळ जायचा आणि माझ्या पडद्यावर एकच शब्द उमटायचा. 'व्हय.' तो शब्द येईपर्यंत सीताराम दुसरं नाव घेत नसत. पडद्यापलीकडे शेकडो माणसं थांबलेली असत, पण कुरकुर कुणी करत नसे. एकदा शालूबाईंनी व्हिडिओ कॉल करून आबांना दाखवलं. खिडकीशी खुर्चीत बसले होते, क्लबचा पिवळा शर्ट स्वेटरवरून चढवलेला. "तुमी नाव घेतल्याबिगर ह्ये च्या बी पीत न्हाईत," शालूबाई म्हणाल्या. माझ्या आयुष्यात एवढं कौतुक मला पुन्हा कधी मिळालं नाही.

मग क्लबमध्ये श्रीयश आले. तळेगावचे, शिकलेले, खेळावर मनापासून प्रेम करणारे. क्लब मोठा व्हावा म्हणून ते भागीदार झाले. मी त्यांना वाईट म्हणणार नाही. एवढंच की माझ्याकडे बघताना त्यांचा चेहरा आंबट व्हायचा. "काका, आवाज घरघरतो, चित्र हलतं. आणि नावं घेण्यात अर्धा तास जातो. बाहेरचा माणूस कशाला थांबेल?" त्यांनी सीतारामांना नवा चकचकीत फोन दिला आणि क्लबच्या पानाचं काम तळेगावच्या आपल्या ऑफिसकडे घेतलं. "आता तुम्ही हा त्रास घेऊ नका," ते म्हणाले. नव्या फोनवर क्लबचं पान घातलंच नाही. सीतारामांनीही ते चालवून घेतलं. शिकलेल्या माणसासमोर ते जरा दबून असत.

मी मांडणीवर आलो. सीतारामांच्या पत्नी कस्तुराबाई माझ्यावर सकाळी भजनं लावत. वाईट दिवस नव्हते ते. फक्त कणकेचे हात लागून माझी काच चिकट व्हायची. क्लबचं पान माझ्यातून काढायचं मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही. पाठीराखे काही लिहीत, ते इथे मांडणीवर मला कळत राही. पानावर आता सुबक चित्रं येत. नावं येत नसत. अंबाजीआबा तरीही दर सामन्याच्या आदल्या दिवशी 'व्हय' लिहीत. त्यांना कुणी हाक मारलेली नसताना.

अशातच ती बातमी आली. खाचर सीतारामांच्या एकट्याचं नव्हतं, भावांचं सामाईक होतं. भावांनी ते कारखान्याच्या गोदामाला द्यायचं ठरवलं. सीतारामांनी हातापाया पडून पाहिलं, उपयोग झाला नाही. श्रीयश यांनी धावपळ करून पिंपरीकडे एक मैदान मिळवलं. क्लब जगणार होता, पण आंबी सोडून.

श्रीयश घरी आले, स्वयंपाकघरातच पाटावर बसले. म्हणाले, "काका, हे लोकांना तुम्हीच सांगा. तुमचं ऐकतील."

सीतारामांनी नकारार्थी मान हलवली. मग म्हणाले, "न्हाई. तुमी सांगा. घरात मयत झाली तर सांगावा घरच्यानं न्यायचा नसतो. दुसऱ्यानं न्यायचा आसतो."

आमच्याकडे ती रीत आहे, मित्रांनो. घरातलं माणूस गेलं की निरोप घेऊन शेजारचा, भावकीतला कुणीतरी गावोगाव जातो. दुःखाच्या घरच्या माणसाला ते तोंडाने बोलावं लागू नये, म्हणून. सीतारामांच्या लेखी ते खाचर घरातलं माणूस होतं. त्यांचं दुःख खोटं नव्हतं. पण बांधावर बसणारी ती शेकडो माणसंही घरचीच होती, हे त्यांना तेव्हा सुचलं नाही. तिथेच चुकलं.

सांगावा श्रीयश यांच्या ऑफिसने दिला. पानावर रंगीत चित्र आलं, हिरवंगार नवं मैदान, वर 'नवी झेप, नवं घर'. आंबीचं नावसुद्धा नव्हतं. मग मांडणीवर मी जो थरथरायला लागलो तो थांबेना. 'मालक कुठं लपले?' 'खाचर विकून मोकळे झाले.' 'आमाला आधी सांगायचं तरी.' रतनने तर आपला पिवळा शर्ट जाळल्याचा फोटो टाकला. प्रत्येकाला खाली एकच आपोआप जाणारं उत्तर मिळे, 'आपल्या प्रतिसादाबद्दल मनःपूर्वक धन्यवाद. नव्या मैदानावर भेटूया.'

त्या गर्दीत अंबाजीआबांचं एक वाक्य आलं. एका बोटाने एवढं लिहायला त्यांना किती वेळ लागला असेल. 'सीताराम खरं का रं. तुज्या तोंडून सांग.'

त्यांनाही तेच उत्तर गेलं. नव्या मैदानावर भेटूया.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मी मांडणीवर जीव तोडून थरथरलो. एकदा तर सरकत सरकत मिठाच्या बरणीवर आपटलो. कस्तुराबाईंना बारीक अक्षरं दिसत नसत. त्या अंगठ्याने सगळं बाजूला सारत आणि भजन लावत. सीताराम दाराबाहेर ओट्यावर बसलेले असत, हाकेच्या अंतरावर. ते नव्या फोनलाही हात लावत नसत. मला सगळं ठाऊक होतं आणि मला तोंड नव्हतं. एवढा असहाय मी कधी झालो नव्हतो. मग आबांचं विचारणं थांबलं.

शेवटी कस्तुराबाईच कंटाळल्या. "ह्ये सारकं थरथरतंय. भजन बी धड ऐकू देत न्हाई. बघा की जरा काय म्हनतंय."

सीतारामांनी मला हातात घेतलं. चष्मा लावला. वाचत गेले. शिव्या वाचल्या, शर्टाचा फोटो पाहिला, तोपर्यंत त्यांचा चेहरा नुसता उतरलेला होता. आबांचं विचारणं वाचलं आणि ते उठले. त्यांनी चार्जर काढला, कळशी उचलली आणि अनवाणीच खाचराकडे निघाले.

गोलाचे खांब उपटून बांधाला टाकले होते. एका बाजूला मुरूम पडला होता. सीतारामांनी मला नेहमीसारखं कळशीला टेकवलं. माझ्या फुगलेल्या पाठीत थोडाच जीव होता, पण मी ठरवलं, आज बंद पडायचं नाही.

"लोणावळ्याचं आमचं अंबाजीआबा," ते म्हणाले, "ऐकताय न्हवं?"

माणसं जमू लागली. आकडा वाढत होता. रतन आला, भामामावशी आल्या. कुणी काही लिहीत नव्हतं. सीताराम माझ्याकडे एकटक बघत थांबले. 'व्हय' आलं नाही.

"आबा, खरं हाय ते," ते म्हणाले. "खाचर गेलं. मी सांगायला पायजे व्हतं. मला तोंडातनं काढवंना. रागावला आसाल तर रागवा, पर एकदा व्हय म्हना."

मग माझ्या तडकलेल्या काचेवर आबांच्या नावाने एकेक ओळ येऊ लागली.

'मी शालूबाई.'

'ह्ये गेले. मंगळवारी.'

'शेवटपतुर फोन हातात व्हता. सीताराम सांगंल म्हनत व्हते.'

आणि बऱ्याच वेळाने आणखी एक ओळ.

'सांगावा घरच्यानं द्यायचा नसतो. पर तुमाला परक्याकडून कळू नये म्हनून मी सांगते.'

सीताराम खाली बसले. खाचराच्या ढेकळांत, लहान मुलासारखे रडले, आणि ते शेकडो माणसांनी पाहिलं. मग डोळे पुसून त्यांनी एकेकाचं नाव घेतलं, गावासकट, एकही न वगळता. रतनचं नाव आलं, तेव्हा त्याने लिहिलं, 'व्हय.' भामामावशींनी लिहिलं, 'व्हय.' आबांचा शब्द सगळे लिहीत होते. तेवढ्यात माझी बॅटरी संपली.

आता गोदामाची भिंत उभी राहिली आहे. क्लब पिंपरीकडे खेळतो आणि पानावर नावं पुन्हा घेतली जातात. श्रीयश स्वतः घेतात, अडखळत, पण घेतात. पहिल्या नावाची जागा मोकळी ठेवून ते जरा थांबतात. मी मांडणीवर भजनं ऐकवतो.

मित्रांनो, तुमच्या हातात माझ्याहून कितीतरी चांगले फोन आहेत. त्यांची काच जपा, नका जपू, तुमची मर्जी. पण कुणी तुम्हाला नावाने काही विचारलं असेल, तर त्याला तुमच्या तोंडून उत्तर द्या. वाईट बातमी असली तरी द्या. आज द्या. माझ्यात अंबाजीआबांचा तो प्रश्न अजून तसाच आहे, आणि त्याखाली सीतारामांनी नंतर लिहिलेलं उत्तरही आहे. 'व्हय आबा, खरं हाय.' ते वाचायला पलीकडे कुणी नाही.